दोघींचं डोकं

लाँड्रीवाल्या काकूंचं डोकं दुखणार असलं की ते आधी त्यांच्या मानेला कळायचं. इस्त्री करता करता उजवा खांदा जड व्हायचा, उगाचच जांभया यायच्या, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या काचेवरचं ऊन सुईसारखं डोळ्यात शिरायचं. मग उजव्या भुवईच्या वर आतून कुणीतरी ठोकायला लागायचं. डावी बाजू मात्र अगदी शांत. जणू डोक्याची दोन भावांत वाटणी झाली आहे आणि भांडण एकाच भावाच्या घरात चाललं आहे.

दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. पुढे इस्त्रीचं लांब टेबल, त्याच्यामागे पडदा, पडद्याआड धुण्याची जागा आणि त्याच्याही मागे दोन खोल्यांचं घर. काका गाडीवरून कपडे आणायचे, पोचवायचे. दुकान काकू सांभाळायच्या. कॉलरवरचा मळ, शाईचा डाग, तेलाचा डाग, कशाला काय लावायचं हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. सकाळी दुकान उघडायचं ते पोटात नुसता चहा टाकून. मग दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की काहीतरी खायचं, नाही झालं तर तसंच पुढे रेटायचं. वाफ, डाग काढायच्या पेट्रोलचा वास, उपाशी पोट, असा दिवस जायचा. आठवड्यातून एकदा तरी डोकं उठायचंच. मग काकू आतल्या खोलीत खिडकी बंद करून, कपाळाला ओढणी आवळून पडायच्या. उलटी झाली की थोडं हलकं वाटायचं.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं सासूबाई सोबत होत्या. काकू पडल्या की सासूबाई दारात उभ्या राहायच्या आणि आल्यागेल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, “आमच्या वेळी काय माणसांना डोकी नव्हती?” ताप नाही, सूज नाही, रक्त नाही. दाखवण्यासारखं काही नाही, मग दुखणं खरं कसं मानायचं? सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण हे वाक्य गेलं नाही. काकू बहिणीजवळ, शेजारणीजवळ, कधी कधी गिऱ्हाइकाजवळसुद्धा ते बोलून दाखवायच्या. “माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही हो,” हे त्यांच्या आयुष्याचं मोठं गाऱ्हाणं होतं.

त्यांना एकच मुलगी. गल्लीत तिला सगळे मनी म्हणायचे, कारण ती मांजरासारखी चालायची. पाठीमागे येऊन उभी राहिली तरी कळायचं नाही. दार लावायची ते कडीचा आवाज न करता. भांडी घासायची तर एका भांड्याला दुसरं लागू द्यायची नाही. “काय गुणाची पोर,” असं लोक म्हणायचे, आणि काकूंना बरं वाटायचं. हा गुण तिच्यात कुठून आला, असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

मनी मोठी झाली, इमारतींचे नकाशे काढायला शिकू लागली. सकाळी वर्ग, दुपारनंतर दुकानात आईला हात.

त्या दिवशी एका हॉटेलचं मोठं काम आलं होतं. वेटरांचे शर्ट, टेबलावरची कापडं, सगळं संध्याकाळपर्यंत हवं होतं. काकूंनी सकाळीच एक गोळी घेतली होती, दुपारी दुसरी. डोकं उठलं नव्हतं, पण कुठेतरी आत बसून वाट बघत होतं. मनी वर्गाहून आली ती भिंतीला हात लावत.

“आई, मी जरा पडते. मला विचित्र दिसतंय.”

“विचित्र म्हणजे?”

“तुझा अर्धा चेहरा दिसत नाहीये. डावीकडे नुसतं चमकतंय. वाकड्यातिकड्या रेघा.”

काकूंनी मान वर केली नाही. “माझा चेहरा नसेल बघायचा तर शर्टाकडे बघ. संध्याकाळी माणूस येणार आहे न्यायला.”

“नंतर डोकंपण दुखतं गं.”

“या घरात डोकं एकीचंच दुखतं, बाई. दोघींचं दुखायला लागलं तर दुकानाला टाळं लावावं लागेल.”

कपडे न्यायला आलेली एक बाई समोर उभी होती. ती हसली. काकूही हसल्या. मनी पण जराशी हसली आणि तिने इस्त्री उचलली.

थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. काकू ओरडल्या, “अगं, शर्ट जाळलास की काय!” टेबलापाशी धावत जाऊन त्यांनी आधी शर्ट ओढला. बाहीवर तपकिरी डाग पडला होता. हॉटेलवाल्याला काय सांगायचं, हे त्यांच्या मनात येऊनही गेलं. मग त्यांनी मनीकडे पाहिलं. ती डावा हात मनगटाशी घट्ट धरून उभी होती. हाताच्या पाठीवरची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. कापड सरळ करणारा स्वतःचा हात तिला दिसलाच नव्हता, आणि तिने इस्त्री त्याच्यावरून नेली होती.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडातून आवाज आला नव्हता. साधं “आई गं” सुद्धा नाही. काकूंनी तिचा हात नळाखाली धरला आणि पाण्याच्या आवाजात त्यांना एकच गोष्ट सारखी खुपत राहिली, की ही ओरडली का नाही. उत्तर त्यांना ठाऊक होतं. या घरात ओरडायचं नसतं. आईचं डोकं दुखतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हातावर मलम लावलं, पट्टी बांधली, आणि मग विचारलं, “इस्त्री रोजची आहे ना तुझ्या सवयीची? मग हात कसा भाजला?”

मनीने आईकडे एकदा पाहिलं आणि डॉक्टरांना सांगायला सुरुवात केली. आधी नजरेत एक ठिपका येतो, तो चमकत पसरतो, एका बाजूचं दिसेनासं होतं. वाचताना शब्दाचं शेपूट राहतं, डोकं जातं. चहा गार व्हायला लागतो तेवढ्या वेळात ते विरतं आणि मग कानशिलामागून ठणका सुरू होतो. कधी उजवीकडे, कधी डावीकडे. मळमळतं. उजेड नको वाटतो. झोपून उठलं की बरं.

“कधीपासून?”

“दोन वर्षं होत आली.”

“घरी सांगितलंस?”

मनी पट्टीकडे बघत म्हणाली, “घरी आधीच एक डोकं आहे.”

ती हे रागाने म्हणाली नाही. घरात आधीच एक कपाट आहे, असं कुणी म्हणावं तशी म्हणाली. काकूंना धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

डॉक्टरीणबाईंनी मनीच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, तिला रेषेवरून चालवलं, हातापायांची ताकद बघितली. नजर जाते म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही एकदा दाखवून यायला सांगितलं. मग म्हणाल्या, “ही अर्धशिशी आहे. काही जणांना डोकं दुखायच्या आधी असं चमकतं. आंधळी होणार नाहीस तू. पण हात किंवा जीभ जड झाली, किंवा कधी नव्हे इतकं जोरात एकदम दुखलं, तर थांबायचं नाही, लगेच यायचं.” मनीने इतका मोठा श्वास सोडला की काकूंना कळलं, पोर दोन वर्षं श्वास धरून होती.

“घरात आणखी कुणाला आहे?”

“मला,” काकू म्हणाल्या. एखाद्या गुन्ह्याची कबुली द्यावी तशा.

“बहुतेकदा घराण्यातच येते ती. तुम्ही काय घेता?”

“गोळी. लागली तर.”

“म्हणजे कधी?”

मनीच म्हणाली, “रोज. दुकान उघडताना एक असतेच. कधी दुपारी पण.”

कुणाच्या लक्षात येत नाही असं काकूंना वाटत होतं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. “बाई, रोज गोळी घेतली की मेंदूला तिचीच सवय होते. उतरली की डोकं परत दुखतं, म्हणून तुम्ही परत घेता. निम्मं दुखणं आता गोळीचंच आहे. ती बंद करावी लागेल. पहिले काही दिवस जड जातील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मनीला वेणी घालता येईना, म्हणून काकू फणी घेऊन तिच्यामागे बसल्या. ती शाळेत असतानाच स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकली होती. तिच्या केसांना हात लावून किती वर्षं झाली, हे काकूंना आठवेना.

“मला का नाही सांगितलंस?” शेवटी त्यांनी विचारलं.

“सांगितलं होतं. पहिल्यांदा झालं तेव्हा. तू म्हणालीस, माझं बघून शिकतेस का.”

काकूंनी आठवून पाहिलं. काही आठवलं नाही. कुठे उभ्या होत्या, हातात काय होतं, काही नाही. सासूबाईंचा एकेक शब्द त्यांना आवाजासकट पाठ होता, आणि स्वतःच्या मुलीला मारलेला टोमणा पार पुसला गेला होता.

“मी खरंच तसं म्हणाले?”

“हो.” मनी म्हणाली, “वर्गात व्हायचं तेव्हा मी जिन्याखाली जाऊन बसायचे. एकदा वाटलं, आता दिसणारच नाही. मग नकाशे कसे काढणार? तुला परत सांगितलं असतं तर तुझं डोकं उठलं असतं.”

“आणि?”

“आणि काय. लहानपणापासून तेच तर बघत आले. माझी एक तरी मैत्रीण कधी घरी आलेली आठवते का तुला? मी बोलवायचेच नाही. त्या हसायच्या मोठ्याने.”

फणी केसांत थांबली. त्या घरात चूक कबूल करायची कुणाला सवय नव्हती. काका रुसवा काढायचा असला तर न बोलता चहा करून द्यायचे, एवढंच. काकूंनी शब्द शोधले आणि म्हणाल्या, “चुकलं माझं.”

“आई, केस ओढले जातायत,” मनी म्हणाली.

काकूंनी हात सैल केला. मग वेणी पुरी केली.

त्यांनी गोळ्या बंद केल्या. दुसऱ्याच दिवसापासून डोकं असं उठलं, की भिंतीला टेकवलं तर भिंत दुखेल असं वाटावं. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवसांसाठी उलटी थांबवायचं औषध दिलं होतं, शिवाय रोज रात्री घ्यायची वेगळी गोळी दिली होती, दुखणं येऊच नये म्हणून. काकू दोन्हीला शिवल्या नाहीत. आपण हे भोगलंच पाहिजे असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. प्रत्येक ठणक्याला वाटायचं, बरं झालं, हे पोरीच्या हाताचं. बादलीवर वाकून ओकताना त्यांना एक प्रकारचं समाधानसुद्धा वाटत होतं.

दुकान काकांवर आलं. काका बिचारे जन्मात इस्त्री न धरलेले. त्यांनी पँटच्या एका पायाला दोन घड्या पाडल्या, आणि गिऱ्हाइकाने विचारल्यावर म्हणाले, “एक जास्तीची आहे, राहू द्या.” एका हाताला पट्टी बांधलेली मनी दुसऱ्या हाताने कपड्यांना खुणेच्या चिठ्ठ्या लावत होती. काकूंना आतून सगळं ऐकू यायचं आणि आणखी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मनीच्या पट्टीसाठी दवाखान्यात गेल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी काकूंचा चेहरा पाहिला. डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले.

“औषध घेता आहात ना?”

“नाही.”

“का?”

काकू खाली बघत म्हणाल्या, “माझ्यामुळे पोरीचा हात भाजला.”

डॉक्टरीणबाई फार वयाच्या नव्हत्या, पण त्या दिवशी एखाद्या मोठ्या जावेसारख्या बोलल्या. “तुम्ही बरं व्हायला आलात की शिक्षा भोगायला? शिक्षा भोगायची असेल तर इथे सोय नाही. आणि तुम्ही आडव्या पडलात की काम कुणावर पडतं? हिच्यावरच ना? मग शिक्षा कोण भोगतंय?”

बाहेर आल्यावर मनी हसली. कितीतरी दिवसांनी. “बरी जिरली तुझी,” म्हणाली. काकूंनी त्याच रात्रीपासून डॉक्टरीणबाईंची रात्रीची गोळी सुरू केली.

पुढे सगळं एका झटक्यात सुधारलं असं नाही. दोन आठवडे वाईट गेले, मग एक सकाळ अशी आली की काकूंना जाग आली आणि डोक्यात काहीच नव्हतं. मोठं लग्नकार्य आटोपून पाहुणे गेल्यावर घर असतं तसं. त्या घाबरून तशाच पडून राहिल्या, हललं तर परत येईल म्हणून.

त्यांनी काही गोष्टी बदलल्या. दुकान उघडायच्या आधी पोटभर खायचं, ही त्यातली सगळ्यात अवघड. गिऱ्हाईक दारात उभं असताना आपण घास घेतो आहोत याची त्यांना लाज वाटायची. पेट्रोलने काढायचे डाग त्या दुसऱ्या दुकानात पाठवू लागल्या. समोरून ऊन यायचं तिथे काकांनी जाड कापड लावलं. दुखलंच तर गोळी पहिल्या जांभईलाच घ्यायची, ठणका भरात यायची वाट बघायची नाही, आणि आठवड्यात दोन दिवसांच्या वर घ्यायची नाही. मनीसाठी वेगळी गोळी होती, तिला रोजच्या औषधाची गरज लागली नाही. नकाशे पुरे करायला ती रात्र जागायची आणि सुटीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपायची, त्या सुटीलाच बहुतेकदा तिचं डोकं धरायचं. हे लक्षात आल्यावर तिने झोपेची वेळ बांधून घेतली. तरी अधूनमधून यायचंच. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, हे मुळासकट जाणारं दुखणं नाही, आटोक्यात ठेवायचं दुखणं आहे.

जे आटोक्यात येईना ते काकूंचं मन. मनी जराशी डोळे चोळू लागली की या हातातलं काम टाकून उभ्या. “चमकतंय का? गोळी घेतलीस का? उशी देऊ का?” एकदा मनी खरोखरच आतल्या खोलीत पडली होती. काकू तिच्या उशाशी जाऊन बसल्या. कपाळावर गार फडकं ठेवलं, ते बदललं, पांघरूण सारखं केलं, खिडकीची फट बघितली, पुन्हा बसल्या.

बऱ्याच वेळाने मनी डोळे न उघडता म्हणाली, “आई, तू श्वास घेतेस तोसुद्धा ऐकू येतोय मला.”

“बाहेर जाऊ?”

“जा ना. तू पडायचीस तेव्हा तुला कुणी जवळ बसलेलं चालायचं का?”

चालायचं नाही. कुणी प्रेमाने बसलं तरी त्याचं बसणंसुद्धा दुखायचं. काकू उठल्या आणि दार लोटून इस्त्रीच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. काही न करता राहणं त्यांना फार जड गेलं. पोरीसाठी केलं ते सगळं आपल्याच मनाची टोचणी बोथट करायला केलं की काय, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

शेवटच्या परीक्षेच्या दिवशी काकूंना सोबत जायचं होतं. मनीने साफ नको म्हटलं. “गोळी खिशात आहे. झालं काही तर मी सांगेन.” काकू तरीही मागोमाग निघाल्या, मनीच्या संस्थेसमोरच्या फुटपाथपर्यंत गेल्या, आणि तिथून स्वतःच परत फिरल्या.

आणि नेमकं त्याच दिवशी झालं. मोठ्या कागदावर जिना काढत असताना पायऱ्या डावीकडून नाहीशा व्हायला लागल्या. मनी उठून परीक्षकांकडे गेली. “सर, मला अर्धशिशी आहे. थोडा वेळ दिसणार नाही. मग दिसेल.” त्यांना काही कळलं नाही, पण ती खोटं सांगत नाही एवढं त्यांना पटलं असावं. त्यांनी तिला शेजारच्या रिकाम्या खोलीत बसू दिलं. गोळी घेऊन ती अंधारात डोळे मिटून बसली. नजर परत आल्यावर हलक्या ठणक्यासकट येऊन तिने नकाशा पुढे काढला. गेलेला वेळ मात्र कुणी भरून दिला नाही. नकाशाचा एक कोपरा कोराच राहिला.

घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा काकूंचा चेहरा उतरला. “मी येऊन बोलू का त्यांच्याशी? माझ्याकडून आलंय हे तुला. मीच सांगते.”

“तुझ्याकडून नाकपण आलंय,” मनी म्हणाली. “त्याचं कुणाला सांगणारेस?”

काका मोठ्याने हसले. काकूंनाही हसू आलं. निकाल लागला, मनी पास झाली. मार्क हवे होते तेवढे पडले नाहीत. काकूंनी ते मार्क मनातल्या मनात स्वतःच्या खात्यावर लिहून घेतले. अशा काही गोष्टी माणूस कुणी सांगितलं म्हणून पुसत नाही.

मनीला एका घरं बांधणाऱ्या माणसाच्या ऑफिसात काम मिळालं. हातावर भाजल्याची खूण राहिली, चकचकीत, गुलाबी. ती बाही ओढून झाकत नाही.

कामाला लागून थोडेच दिवस झाले असतील. एके सकाळी ती तयार होऊन चप्पल घालायला वाकली आणि तशीच खाली बसली. तिने गोळी तोंडात टाकली, वर पाणी घेतलं आणि फोन लावला. काकू पडद्याशी शर्ट घेऊन उभ्या होत्या.

“नमस्कार सर. मला आज यायला उशीर होईल. अर्धशिशी आहे. हो, डोकंच. दुपारपर्यंत बरं वाटेल.”

काकूंच्या जिभेवर आलं होतं, अगं, पोट बिघडलंय म्हण. ताप आहे म्हण. डोकं दुखतं असं सांगितलं तर कोण ऐकून घेणार? इतकी वर्षं गिऱ्हाइकांना त्या हेच सांगत आल्या होत्या, कधी पोट, कधी पाय मुरगळला. त्यांनी ओठ मिटून घेतले.

पलीकडून साहेब बराच वेळ काहीतरी बोलत होते. मनी डोळे मिटून ऐकत होती. “नाही सर, साधं नाही दुखत,” ती शेवटी म्हणाली, “पण सवयीचं आहे. काम मी पुरं करते.” तिने फोन ठेवला आणि आतल्या खोलीकडे गेली.

“काय म्हणाले?” काकूंनी हळू विचारलं.

“म्हणाले, डोकं काय सगळ्यांचंच दुखतं.”

“मग?”

“मग काय. उद्या परत सांगेन.”

ती आत गेली. काकूंनी पुढच्या दाराचं जाड कापड खाली ओढलं आणि शर्ट टेबलावर पसरला.